नव्या पंपातलं पाणी

पोळा होऊन गेला की माझ्या दुकानाचा केर बदलतो. एरवी केरात माती, सुतळीचे तुकडे, पोत्यातून सांडलेलं खत. पण भाद्रपद सरत आला की केरसुणीला काहीतरी अडकायला लागतं. पाहावं तर कुसळं. काळपट, पिळलेली, टोकाला सुईसारखी. खेड्यावरून शेतकरी येतात, त्यांच्या पॅन्टच्या पायांना चिकटून ती आत येतात. बाकावर टेकलेला माणूस भाव विचारता विचारता एकेक उपटून खाली टाकतो, आणि संध्याकाळी अख्खा माळ माझ्या सुपलीत गोळा होतो. ऋतू कोणाकडे कसा येतो कोण जाणे. माझ्याकडे तो गिऱ्हाइकांच्या पायांनी येतो.

यंदाही आला. काल केर काढला आणि टाकला नाही. एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडला. थोड्या वेळानं पीळ सुटायला लागला. कुसळ हळूहळू गोल फिरू लागलं, आतून कोणी किल्ली देत असल्यासारखं. पाणी लागलं की ते असं फिरत फिरत आपलं आपण जमिनीत शिरतं, आपलंच बी पेरून घेतं. ना बैल, ना तिफण. आणि मी जन्मभर त्याला कचरा म्हणत आलो.

हे मला मंदानं दाखवलं. मंदा म्हणजे माझी बायको. तिच्याबद्दल मी कधी कोणाजवळ चार शब्द बोललो नाही. खरं तर तिच्याशीही मी मोजकंच बोलतो. माझा स्वभावच तसा, असं म्हणून मी स्वतःला पुष्कळ वर्षं सोडून दिलं. आज लिहायला बसलोच आहे, तर आडपडदा ठेवत नाही.

मंगरूळपीरला माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं. आमच्याकडे सोयाबीन आणि तूर, आणि सोयाबीन म्हटलं की त्यात तण आलंच. तेव्हा दुकान चालतं ते तणनाशकावर. गवताबद्दल मला ठाऊक असलेला प्रश्न एकच: “लांब पानाचं हाये का रुंद पानाचं?” त्या उत्तरावर कोणता डबा द्यायचा ते ठरायचं. फवारणीनंतर थोड्या दिवसांनी आसेगावकडचा कोणीतरी मूठभर गवत आणून काउंटरवर ठेवायचा. “पाहा बरं भाऊ, मेलं का हे?” मी ते दोन बोटांत चुरडायचो, बुडखा पाहायचो आणि निकाल द्यायचो. मेलेलं गवत ओळखण्यात तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी समजत होतो. लोकही समजत होते.

मंदा लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी होती. मला वाटलं साड्या असतील. पेटीत गवत होतं. जाड पांढऱ्या कागदांवर दोऱ्यानं टाचलेलं, दाबून वाळवलेलं, प्रत्येकाच्या खाली तिच्या बारीक अक्षरात नाव, गाव, महिना. तिचं माहेर कारंजाकडे, काळविटांच्या अभयारण्याला लागून. कॉलेजात असताना ती बाबांबरोबर तो माळ पायाखाली घालायची आणि गवतं गोळा करायची. पुढे शिकायचं म्हणत होती. घरात जागा नव्हती, म्हणून मी म्हटलं, “गोडाऊनमंधी ठेव.” मग पोरं झाली, तिला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची नोकरी लागली, पेटी पोत्यांमागे गेली. एका उन्हाळ्यात पेटी काढली तर खालचा पत्रा गंजून गेलेला, आणि आत वाळवीनं मातीचे बोगदे केलेले. कागद उचलला की हातात भुसा यायचा. गंमत अशी की त्याच गोडाऊनमध्ये, पेटीच्या वरच्याच फळीवर, वाळवीच्या औषधाचे डबे रांगेनं मांडलेले होते. मी विकत होतो ते. लोकांच्या चौकटींसाठी, लोकांच्या झाडांसाठी.

मंदा पेटीजवळ उकिडवी बसली होती. एका कागदावर तिचं बोट थांबलं. त्या कागदावर काहीच उरलं नव्हतं, फक्त दोऱ्याचा टाका. “हे एवढं एकच होतं आपल्याकडे,” ती म्हणाली. मग म्हणाली, “जाऊ द्या.” आणि केरसुणी आणायला उठली.

‘चुकलं’ हा शब्द लहान आहे, पण तो त्या दिवशी तोंडातून निघाला नाही आणि पुढे दर वर्षी जड होत गेला.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्यात मंदाच्या कॉलेजातल्या एका सरांनी सांगितलं, की विद्यापीठाला अभयारण्यातल्या गवतांचा पूर्ण संच हवा आहे, प्रत्येक गवत मुळापासून तुऱ्यापर्यंत, आणि वनखात्याची परवानगी मिळते आहे, पण या एका मोसमापुरती, दिवाळीपर्यंत. करणार का? मंदानं घरी येऊन भाकरी थापता थापता मला ते सांगितलं, आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, “रविवारी रविवारी गाडीवर सोडून द्याल का?”

मी “हो” म्हटलं. तेवढंच. पण त्या ‘हो’मध्ये ती वाळवी लागलेली पेटी होती, हे तिला कळलं असेल का, ते मला आजही सांगता येत नाही.

पहिल्या रविवारी मी कामाला लागलो तो माझ्या पद्धतीनं. ती एका बाजूला वाकून काहीतरी पाहत होती. मी म्हटलं, आपणही मदत करावी. शेतकऱ्याचाच मुलगा मी. विळा काढला, एका हातानं बुचका धरला, बुडातून सपकन कापला, कडेच्या काड्या झाडल्या, त्याच गवताच्या काडीनं बांधून सुबक जुडी तिच्यापुढे ठेवली. ती जुडीकडे पाहत राहिली.

“अवो, हे काय केलं?”

“गवत. पाह्य ना, एक काडी वाकडी नाई.”

“मूळ कुठी हाये याचं?”

“मूळ कायले पाह्यजे? मूळ काढलं तर पुढच्या साली काय उगवन?”

ती जी हसली! माळावर बसूनच हसली. “हे नमुना नाई झाला बाप्पा. ही पेंडी झाली. गाय आणा आता एक.”

चारा कापणाऱ्याचा हात मूळ सोडतो, आणि औषध विकणाऱ्याची नजर फक्त मूळ मेलं का ते पाहते. या दोहोंच्या मधलं, म्हणजे अख्खं गवत, मी त्या वयापर्यंत पाहिलंच नव्हतं. त्या मोसमात पाहिलं. खुरप्यानं भोवताली माती मोकळी करायची, बुचका हलकेच उचलायचा, मुळं पाण्यात हलवून धुवायची. गवत कागदापेक्षा उंच असलं तर मोडून दुमडायचं, पण तोडायचं नाही. मग वर्तमानपत्राच्या घडीत ठेवायचं आणि दोन लाकडी फळ्यांमध्ये आवळायचं. रोज संध्याकाळी ओले कागद काढून कोरडे घालायचे. ते काम माझ्याकडे आलं. दुकानाच्या काउंटरवर मी घड्या उलगडायचो. एकदा पाहतो तर मारवेल गवताच्या तुऱ्याची नाजूक बोटं तणनाशकाच्या अर्ध्या पानी जाहिरातीवर पसरलेली होती. मी गुपचूप पान बदललं. नंतर मंदाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “राहू द्यायचं ना. त्यालेही कळलं असतं, कोणाच्या घरात आलो ते.”

काय काय पाहिलं त्या माळावर! दुरून सगळं एकच पिवळं दिसतं. जवळ बसलं की त्यात माणसांसारखी घराणी दिसायला लागतात. पवन्या उंच, जरा मिजाशी, वारा आला की सगळ्यात आधी मान हलवणारा. मारवेलच्या पेरांवर पांढऱ्या लवेची कडी, लहान मुलाच्या पायातल्या वाळ्यासारखी. तिखाडी हातात चुरडली की वास असा चढतो की दिवसभर भाकरीलाही तोच येतो. सकाळी दवात प्रत्येक तुऱ्यावर थेंब, आणि ऊन वर आलं की सगळा उतार तांबूस जांभळा. काळविटांचा कळप त्यातून जायचा तेव्हा पाय दिसायचे नाहीत, नुसत्या पाठी वाहत जायच्या. मी विड्याच्या पानाला चुना लावायचं विसरायचो. मंदा गुडघ्यावर बसून भिंगातून एकेका दाण्याचं कुसळ पाहत असायची, घामानं कपाळाला केस चिकटलेले, आणि चेहऱ्यावर असं काही, जे मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. ते आमच्या घरात का नव्हतं, हा विचार मनात यायचा, आणि मी उठून उगाच पाण्याची बाटली आणायला जायचो.

तिची एक रीत होती. एखादं गवत घ्यायचं ठरलं की ती ते लगेच उपटत नसे. आधी हात लावायची, वरून खाली कुरवाळल्यासारखा, आणि पुटपुटायची. फुललं नसलं तर पुढच्या रविवारी, फुललं असलं तर निदान सगळा माळ फिरून परत येताना घ्यायची. एकदा मी कान दिला. ती म्हणत होती, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

हे तर आपण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांना म्हणतो. खांद्याला लोणी-हळद चोळायची, वर्षभराचं जू जिथं घासलं तिथं हात फिरवायचा, आणि दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचं आवतन द्यायचं. तिचे बाबा द्यायचे. गवत गोळा करायला जाताना ते तिला म्हणायचे, कोणालाही घरी न्यायचं तर आदल्या दिवशी सांगावं.

मी म्हटलं, “झकास. जेवाले बोलावतं आन् मुळासकट उपटतं.”

“मंग काय झालं? घरात कायमचं ठेवतो ना.” मग जरा थांबून, “ठेवता आलं तर.”

तिनं ते सहज म्हटलं. मी मात्र त्या दिवशी गाडी चालवताना पूर्ण रस्ता तेच ऐकत आलो.

कोजागरीपर्यंत संच भरत आला. राहिलं ते एकच गवत. तेच, ज्याच्या कागदावर नुसता टाका उरला होता. मंदानं मला ते वर्णन करून सांगितलं होतं. बोटभर उंच, त्याहूनही कमी. मुरमाच्या उघड्या खडकावर, जिथं दुसरं काही टिकत नाही तिथं राहतं. तुरा एकच, विंचवाच्या नांगीसारखा वाकलेला. ती आणि तिचे बाबा एका पावसाळ्यात एका खडकापाशी थांबले होते, तिथं तिनं ते पहिल्यांदा आणि शेवटचं घेतलं. बाबा आता नाहीत. खडक सापडला. माळाच्या टोकाला, एका वाकड्या बोरीजवळ. पण त्या साली पाऊस लवकर थांबला होता आणि ऑक्टोबरचं ऊन खडकावर असं पेटलं होतं की चपलेतून चटका बसत होता. भेगांमध्ये जागोजागी करड्या, आखडलेल्या गुंडाळ्या होत्या, चिमटीत मावतील एवढ्या. ना पान ना तुरा.

“हेच असन का?” मंदानं मला विचारलं. मला! तिनं गवताबद्दल मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

मी एक गुंडाळी उपटली. दोन बोटांत चुरडली. बुडखा पाहिला. आणि ज्या आवाजात मी गिऱ्हाइकाला सांगतो, त्याच आवाजात सांगितलं, “कोणतंही असो. हे मेलं.”

तिनं वाद घातला नाही. मेलेल्या गवतात मी जाणकार, हे तिलाही मान्य होतं. ती खडकावर हात ठेवून थोडा वेळ बसली. मग फळ्या आवळल्या, आणि आम्ही निघालो. परवानगीचे थोडे दिवस उरले होते, पण जायला आता कारण नव्हतं. गाडीवर ती मागे बसली होती आणि पूर्ण वाटेत एक शब्द बोलली नाही. एकाच घरात दोन अबोल माणसं कशी चालतील, एवढंच मला वाटत राहिलं.

माझी एक वाईट सवय आहे. गिऱ्हाइकानं आणलेलं गवत मी शर्टाच्या खिशात टाकतो आणि विसरतो. मंदा त्यावरून मला अनेकदा बोलली आहे. त्या संध्याकाळी शर्ट घामानं भरला होता, तिनं तो बादलीत नुसत्या पाण्यात भिजत घातला. सकाळी साबण लावायला घेतला, आणि मला मोरीतून हाक ऐकू आली.

“अवो! इकडे या. आधी या.”

मला वाटलं पेनाची शाई सुटली. गेलो तर ती ओल्या हातानं उभी, तळहातावर माझ्या खिशातली गुंडाळी. गुंडाळी उलगडली होती. आखडलेली पानं पसरून बाहेर आली होती, आणि ती हिरवी होती. अर्धवट नाही, चांगली हिरवीगार.

“तुमी तर म्हणे हे मेलं.”

मी मोरीच्या उंबऱ्यावर बसलो. तिनं ते उजेडात धरलं, चष्मा वर सरकवला, फिरवून पाहिलं. “हेच ते,” ती म्हणाली. “थेट हेच. बाबांसोबत आलो तवा पाऊस होता, म्हून मले कळलंच नाई हे असं सुकून बसते.” मग एकदम माझ्याकडे पाहून, “आन् हे पाहा, याच्यावरून माह्याबद्दल काही बोलू नका. मेली नव्हती, वाट पाहत होती, असलं काही. तुमच्या तोंडावर दिसून राह्यलं.”

माझ्या तोंडावर तेच होतं. मी गिळलं.

पण तुरा नव्हता, आणि तुऱ्याशिवाय संचात ते गवत ठेवता येत नाही; नुसत्या पानावरून गवत ओळखणं म्हणजे पाठमोऱ्या माणसाला नाव देणं, असं ती म्हणायची. तुरा यायचा तर खडकाला पाणी हवं. आभाळ कोरडं. दिवाळी तोंडावर. आणि तेव्हा, पहिल्यांदाच, मला वाटतं त्या संबंध मोसमात, नव्हे लग्नानंतरच्या संबंध काळात पहिल्यांदाच, मला काहीतरी सुचलं जे माझ्या धंद्यातलं होतं आणि तिच्या कामाचं होतं.

“पंपानं घालू ना.”

पंप म्हणजे पाठीवरचा, फवारणीचा. माझ्या गोडाऊनमध्ये रांगेनं असतात. मंदाचा चेहरा कसनुसा झाला. “त्या पंपानं? नाई. धुतला तरी नाई.”

“नवा काढतो. पिशवीतला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान पोरावर सोडून आम्ही गेलो. फाटकाच्या आत थोडं गेलो नाही तोच समोरून वनरक्षक आली. कांचन तिचं नाव, पोरगी पंचविशीतली, पण बोलणं ठाणेदारासारखं. मंदाला ती ओळखत होती. मला मात्र तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि नजर माझ्या पाठीवर थांबली.

“थांबा काका. पंप खाली ठेवा.”

मी ठेवला.

“काय हाये याच्यात?”

“पाणी.”

“पाणी कोणी पंपात घेऊन येते का? तुमी मंगरूळचे औषधवाले ना? माह्या बाबानं तुमच्यापासूनच नेलं होतं तणनाशक. एका धुऱ्यावर काडी ठेवली नाई त्यानं.” बांधावरचं गवतही गेलं, हे तिनं तक्रार म्हणून म्हटलं की तारीफ म्हणून, मला कळेना. “तुमी आन् अभयारण्यात पंप घेऊन? अठी तणमोर अंडी घालते माहीत हाये ना? मॅडम, तुमी तरी सांगा.”

मंदानं सगळं सांगितलं, खडक, गुंडाळी, शर्टाचा खिसा. कांचननं परवानगीचा कागद वाचला. “उपटायचं लिहिलं हाये. पाणी घालायचं नाई लिहिलं.”

“घालू नये असंही नाई लिहिलं,” मंदा म्हणाली.

कांचननं झाकण काढून वास घेतला. नव्या प्लॅस्टिकचा वास, दुसरा काही नाही. तरी तिचा विश्वास बसेना. मग ती म्हणाली, “मंग प्या.”

“अं?”

“पाणी हाये म्हणता ना? प्या. माह्यासमोर. गुळणी नाई, गिळा.”

दुकान टाकल्यापासून मी लोकांना एकच गोष्ट घोकून सांगत आलो आहे, की पंपाला तोंड लावू नका, नोझल तोंडानं फुंकू नका. आता पंप तिरका करून मी ओंजळीत पाणी घेतलं. पाणी स्वच्छ होतं, आमच्याच घरच्या टाकीतलं होतं, मीच भरलं होतं. तरीसुद्धा सांगतो, ओंजळ ओठापाशी आली आणि मी थांबलो. एवढ्या वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या पाठीवर मी पंप चढवला, ते सगळे त्या ओंजळीत दिसले. मी प्यायलो. चव प्लॅस्टिकची.

कांचन माझ्या तोंडाकडे बारकाईनं पाहत होती, जणू मी काही मिनिटांत पिवळा पडणार होतो. आणि तेवढ्यात मंदानं तिची ओंजळ पुढे केली.

“मलेही द्या.”

“तुमी कायले मॅडम?” कांचन म्हणाली.

“तहान लागली,” मंदा म्हणाली.

मी पंप तिरका केला. ती प्यायली. पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि चालायला लागली. माझ्या घरात येऊन तिनं काय गमावलं ते मला माहीत होतं; तरी माझ्या हातचं पाणी पिताना ती क्षणभरही थांबली नाही. मी पंप पाठीवर चढवला, आणि जड लागला नाही.

त्यानंतर दिवाळीपर्यंत मी जवळजवळ रोज गेलो. पहाटे निघायचं, दुकान उघडायच्या आत परत. मंदाला कॉलेज असलं की एकटाच. खडकावर बारीक फवारा सोडायचा, भेगेतून वाहून जाऊ नये म्हणून थांबून थांबून. पहिल्या पाण्यानंतर दुसऱ्या दिवशी सगळा खडक हिरव्या ठिपक्यांनी भरला. मी, ज्यानं एरवी गवतावर फवारून ते पिवळं व्हायची वाट पाहिली, तो मी ते हिरवं होताना पाहत उकिडवा बसायचो. हात तोच, दांडा वरखाली करायची लय तीच, नोझलचा सूं आवाज तोच. कांचन कधी फिरत फिरत यायची. “काका, आता बाकीच्या जंगलालेही घाला. काळविटं तुमाले निवडून देतील.” एकदा तिनं डब्यातली ठेचा-भाकर दिली. आम्ही दोघं खडकाशेजारी जेवलो, आणि समोरून कळप गेला, आणि आम्ही दोघंही बोललो नाही, आणि ते बरं वाटलं.

तुरे आले. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मला पहिला दिसला. केसाएवढा, आधी सरळ, मग टोकाशी वळायला लागलेला. मी एकटा होतो. आजूबाजूला कोणी नाही हे दोनदा पाहिलं, तरी लाज वाटलीच. मग खडकावर हात ठेवून म्हटलं, “आज आवतन घ्या. उद्या जेवाले या.”

वसुबारसेला मंदा आली. खडकाजवळ गेली, खाली बसली, भिंग लावलं. एकेक तुरा पाहत गेली. मग नुसतं “हं” म्हणाली. त्या ‘हं’साठी मी कारंजापर्यंत रोज दहा वेळा गेलो असतो.

तिनं एक बुचका काढला, माती मुळाशी धरून. बाकीचे सगळे ठेवले. पाण्यात हलवून मुळं धुतली. मी वर्तमानपत्राची घडी उघडून तिच्यासमोर धरली. ती ते इवलं गवत कागदावर ठेवत होती, एकेक पान सुईनं सरळ करत, आणि मला वाटलं, आता. आता नाही तर कधी नाही.

“मंदा,” मी म्हटलं, “ते पेटीचं. गोडाऊनमंधी मी ठेवायले लावली. औषध वरच होतं. मी टाकू शकत होतो. मी... चुकलं माह्यं.”

ती वर पाहणार, काहीतरी म्हणणार, म्हणून मी थांबलो. ती सुईनं शेवटचं पान सरळ करत होती. माळावरून वारा सुटला, कागदाचा कोपरा उडाला.

“कागद धरा,” ती म्हणाली. “दोन्ही हातांनी.”

मी दोन्ही हातांनी धरला. ती त्यावर वाकली होती, तिचा चेहरा मला दिसत नव्हता. कागदावर एक थेंब पडला, तुऱ्याच्या बाजूला. तिनं तो लगेच बोटानं टिपला, ओला कागद गवताला चालत नाही म्हणून.

तो कागद आता विद्यापीठात आहे. त्याच बुचक्यातून निघालेली त्याची जोडी आमच्या घरी, नव्या लोखंडी कपाटात, आणि कपाटाच्या पायांखाली औषध मी दर पावसाळ्याआधी स्वतः टाकतो. माणूस बदलतो वगैरे मी म्हणणार नाही. दुकान चालू आहे, तणनाशक विकतो, पोरांची शिक्षणं त्यावरच झाली. शेतकऱ्याला तण परवडत नाही हे मला कळतं. फक्त डबा देताना सांगतो, धुरा सोडा, पिकातच मारा. काहीजण ऐकतात. तो नवा पंप मात्र विकला नाही. विकता येत होता. भिंतीला खिळ्यावर आहे.

आजच दुपारी आसेगावचे दादाराव आले होते. खिशातून मूठभर वाळकं गवत काढून काउंटरवर ठेवलं. पायांना कुसळं तशीच.

“पाहा बरं भाऊ. मेलं का हे?”

मी सवयीनं दोन बोटांत धरलं. बुडखा पाहिला. मेलंच असावं, माझं औषध वाईट नसतं, तेही खरं. पण काउंटरखाली मी एक स्टीलची वाटी ठेवतो हल्ली. ती काढली, तांब्यातलं पाणी ओतलं, गवत त्यात ठेवलं.

“उद्या सांगतो.”

“उद्या? काहून? पहिले तर पाह्यल्याबरोबर सांगत होते. डोये गेले का काय?”

“तसंच समजा.”

दादाराव मान हलवत गेले. पायरीवर बसून त्यांनी पॅन्टची कुसळं काढली, तिथंच टाकली. ऊन काउंटरपर्यंत आलं होतं. मी वाटी जरा आत, सावलीत सरकवली.